‘प्रतिस्पर्धी’ वाचली, पण मला त्या नवऱ्याची दया येत नाही

मांजराकाठची (लातूर)

आमच्या कॉलनीत सहा जणींची पुस्तकभिशी आहे. दर महिन्याला चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं पुस्तक निवडायचं आणि पोहेही तिच्याच घरी. या खेपेला किरण नगरकरांची ‘प्रतिस्पर्धी’ निघाली. मूळ इंग्रजी ‘ककल्ड’, १९९७ची. मराठी भाषांतर रेखा सबनीस यांचं. पुस्तक एवढं जाड की एकीनं दुपारी उशाला घेतल्याचं कबूल केलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: मेवाडचा युवराज, राणा संगाचा थोरला मुलगा. त्याचं लग्न होतं आणि पहिल्याच रात्री बायको सांगते की माझं मन आधीच दुसऱ्याला दिलंय. हा बिचारा शोध घेतो, कोण तो माणूस? मग कळतं की तो माणूसच नाही, तो कृष्ण आहे. म्हणजे ती मीराबाई आणि हा तिचा नवरा. पुढं ती नाचते, गाते, लोक तिला संत म्हणायला लागतात आणि सगळ्या चितोडात याचं हसं होतं.

भिशीतल्या पाच जणी नवऱ्याच्या बाजूनं. ‘किती सोसलं हो त्यानं.’ मला मात्र दया येईना. सगळी कथा तोच सांगतो, मग तोच बिचारा दिसणार. तिच्या मनात काय होतं ते कुणी विचारलं का?

तर प्रश्न दोन. तुम्हाला कोण पटलं? आणि घरात एक माणूस देवाला वाहिलेलं असलं की दुसऱ्याचं काय होतं, हे कुणी जवळून पाहिलंय का?

हुरडापार्टी

आधी पोहे कुणाकडं होते आणि शेंगदाणे तळलेले होते का ते सांगा. मग साहित्यावर बोलू.

गोदाकाठचा गडी (गंगाखेड)

पुस्तक वाचलेलं नाही, पण धागा वाचतोय. आमच्या गावची जनाबाई. तिच्यासोबत विठ्ठल दळायला बसायचा म्हणतात. तिला नवरा नव्हता म्हणून निभावलं, नाहीतर त्यानं जातं घराबाहेर फेकलं असतं.

निजामकालीन (अंबाजोगाई)

ताई, एक दुरुस्ती. सगळी कादंबरी नवरा सांगत नाही. बराचसा भाग त्याच्या तोंडून आहे, पण मधली काही प्रकरणं बाहेरच्या निवेदकाच्या आवाजात आहेत आणि तिथं हा युवराज बऱ्याचदा केविलवाणा आणि हास्यास्पद दिसतो. लेखकानं ते मुद्दाम केलं असावं. माणूस स्वतःबद्दल सांगतो तेव्हा किती झाकतो ते मग कळतं.

दुसरं म्हणजे, इतिहासात या भोजराजाबद्दल फार थोडं सापडतं. मीरेच्या गोष्टीत तो येतो आणि जातो. नगरकरांनी हीच रिकामी जागा पकडली. संताच्या घरात जो दुसरा माणूस राहत होता, त्याला कुणी जेवलास का म्हणूनही विचारलं नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी मेख तुमच्या सारांशात राहून गेली. कृष्ण हा त्याचाही देव आहे. लहानपणापासून ज्याच्याशी मनातलं बोलत आला तोच आता सवत्या झाला. परक्या देवानं बायको पळवली असती तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथं गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडं?

मांजराकाठची

सर, देवाचा मुद्दा मान्य. तो मी सोडला कारण तिथं मला थोडं वाईट वाटलं होतं आणि मग माझ्या धाग्याचं शीर्षक खोटं पडलं असतं.

@हुरडापार्टी, शेंगदाणे तळलेलेच. पोहे माझ्याकडंच होते.

थेट बोलते (छ. संभाजीनगर)

मी नास्तिक आहे हे इथं सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे शिव्या आधीच जमा समजते.

मला या कादंबरीत देव दिसतच नाही. मला एक मुलगी दिसते, जिचं लग्न तिला न विचारता राजकारणासाठी लावलं. सोळाव्या शतकात तिला ‘मला हा माणूस नको’ असं म्हणायची सोय होती का? माहेर परत घेणार नाही, सासर मारून टाकेल. एकच दार उघडं होतं, ते म्हणजे ‘मी देवाची आहे’. त्या दारातून ती निघाली. देवापुढं राजाचीही जीभ अडखळते. तुम्ही सगळे याला भक्ती म्हणता. मी नकार म्हणते.

कवडीमाळ (तुळजापूरजवळ)

@थेट बोलते, तुमचं बोलणं बाईच्या बाजूनं खरं असंल. मी पोराच्या बाजूनं सांगतो.

माझी आई आराधी. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मंगळवार-शुक्रवार पाच घरं जोगवा. नवरात्रात आम्हाला आई नसायचीच. आराध्यांच्या मेळ्यात रात्र रात्र गाणी, दिवसा मंदिर, मग पौर्णिमेला येणाऱ्या चालत्या लोकांची सेवा. शेजारचे पाया पडायचे तिच्या. मला तवा लई राग यायचा. शाळेत पोरं म्हणायची, तुझी आई मागून खाती.

तुळजापूरची देवी वर्षातून तीनदा झोपती, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. मूर्ती खरोखर सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. नवरात्राच्या आधी एकदा, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत एकदा आणि पौषात शाकंभरीच्या आधी. मी लहानपणी आईला विचारलं होतं, देवी झोपली तर तू का झोपत नाहीस? ती म्हणाली, ती झोपली म्हणून तर जागं राहावं लागतं कुणीतरी.

वडलांनी कधी तक्रार केली नाही. पण घरात जेवताना आईच्या ताटाकडं ते एक नजर टाकायचे, उपास आहे का बघायला. उपास असला तर स्वतः भाजी दुसऱ्यांदा घ्यायचे नाहीत. मी हे पुस्तक वाचलं नाही अजून. युवराज बायकोच्या ताटाकडं बघतो का हो?

निजामकालीन

@कवडीमाळ, ताटाकडं नाही, पण एक करतो. स्वतःला निळा रंग लावून कृष्ण होऊन तिच्यासमोर जातो. बायकोनं बघावं म्हणून देवाचं सोंग घेतो. मला पुस्तकातला सगळ्यात लाजिरवाणा आणि सगळ्यात खरा भाग तोच वाटला.

हुरडापार्टी

निळा रंग लावून सुद्धा बायको बघंना म्हणजे काय. आमच्याकडं मी नवीन शर्ट घालून तीन वेळा समोरून गेलो तरी ‘गॅस बंद केलास का’ विचारलं.

पाटोदेकर

@हुरडापार्टी 😂 तुमचा प्रतिस्पर्धी मोबाईल आहे. त्याचं सोंग घ्यायचं तर कपाळाला चार्जर लावा.

पोस्टातला (औंढ्याकडचा, आता नांदेड)

@थेट बोलते यांच्या ‘नकार’वरून आठवलं ते सांगतो. नाव-गाव सांगत नाही.

आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं. दर मंगळवारी दिवे लागले की केस मोकळे, घुमणं सुरू. गल्लीतल्या बाया हळदी-कुंकू घेऊन हजर. नवरा एरवी वाघ. पिऊन आला की भांडी रस्त्यावर. पण मंगळवारी संध्याकाळी हा माणूस तिच्या पायावर डोकं ठेवायचा, ‘आई, चुकलं’ म्हणायचा. बुधवारी परत वाघ.

त्यांची पोरगी नववी पास झाली. नवऱ्यानं ठरवलं, आता शाळा बंद, स्थळ आलंय. बाई एरवी काही बोलायची नाही, तशी तेव्हाही बोलली नाही. पण त्या आठवड्यात देवी शुक्रवारी आली. अन् सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, ‘या पोरीला दहावीला बसवलं नाही तर या घरात दिवा लागणार नाही.’ नवरा सोमवारी स्वतः फी भरून आला.

खूप वर्षांनी मी त्या मावशींना विचारलं, खरं सांगा, ती देवी होती का? तंबाखू मळत म्हणाल्या, ‘येती की दर मंगळवारी. पण फीची शेवटची तारीख सोमवार होती. मंगळवारपर्यंत थांबून कसं जमंल?’

आता ही भक्ती, सोंग की नकार, तुम्ही ठरवा. मला त्यांच्या बोलण्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांना स्वतःला तरी फरक माहीत होता का.

थेट बोलते

@पोस्टातला, हा प्रतिसाद मी वाचनखूण करून ठेवतेय. एक मात्र म्हणते: पोरगी शिकली हे छान, पण बाईला स्वतःच्या तोंडानं बोलता आलं असतं तर देवीला ओव्हरटाइम करावा लागला नसता.

पाटोदेकर

ओव्हरटाइम 😂😂

निजामकालीन

मीरा राजस्थानची, पण तिचा नवरा शोधायला आपल्याला मराठवाड्याबाहेर जायची गरज नाही. नरसी आपल्या हिंगोलीत. परंपरेनं नामदेव तिथले. त्यांची बायको राजाई. तिच्या नावाचे अभंग गाथ्यात आहेत. ती रखुमाईकडं जाऊन तक्रार करते की तुझ्या नवऱ्याला समजाव, त्यानं माझ्या नवऱ्याला वेड लावलंय, घरात खायला नाही. एका बायकोनं दुसऱ्या बायकोकडं नेलेलं गाऱ्हाणं आहे ते. कादंबरीकारानं शेकडो पानं घेतली, राजाईनं काही ओळीत संपवलं.

आणि संत बहिणाबाई. चौधरी नव्हे, त्या जळगावच्या. या सतराव्या शतकातल्या, जन्म वेरूळजवळच्या देवगावचा, समाधी वैजापूर तालुक्यात शिऊरला. नवरा वयानं पुष्कळ मोठा बिजवर, भिक्षुकी करणारा. हिनं तुकारामांना न बघताच गुरू मानलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्र गुरू करणं हा एक राग. पण तिचे आत्मचरित्राचे अभंग वाचा, नवऱ्याला खरी आग दुसऱ्याच गोष्टीची होती. लोक तिला बघायला येऊ लागले, पाया पडू लागले. त्याला वाटलं, आता ही मला गवताच्या काडीएवढंही मोजणार नाही. त्यानं तिला मारलं. टाकून जायलाही निघाला होता.

चारशे वर्षांपूर्वीच्या बाईनं नवऱ्याचा मत्सर इतका नेमका ओळखून लिहून ठेवलाय. देवाचा मत्सर नाही, पाया पडणाऱ्या लोकांचा.

मांजराकाठची

सर, पुढं काय झालं ते अर्धं सोडलंत. नवरा आजारी पडला, तिनं सेवा केली, मग तो वळला आणि ती म्हणते की नवऱ्याची सेवा हाच माझा देव. म्हणजे शेवटी तिनंच वाकायचं. मीरा वाकली नाही. म्हणून मला मीरा आवडते.

निजामकालीन

बरोबर. पण ‘वाकली’ एवढ्यावर सोडू नका. नवऱ्याला देव म्हणून तिनं अभंग लिहिणं सोडलं का? नाही. देवाचं नाव बदललं, काम चालूच ठेवलं.

थेट बोलते

मार खाल्लेली बाई ‘नवरा माझा देव’ म्हणते तेव्हा त्याला मी तडजोडही म्हणणार नाही. पण चालूच ठेवलं हे खरंय. मुद्दा गेला तुमच्याकडं, सर. आजच्यापुरता.

बीडवाला_बंड्या

मला एक समजत नाही. हा लेखक मराठी. पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मराठीत, १९७४ला. मग इंग्रजीत का गेला? आणि आपण त्याचं भाषांतर वाचून त्यावर चर्चा करायची? मराठवाड्यातले गावाकडचे लेखक कोण वाचतंय?

चष्मा_सापडंना

@बीडवाला_बंड्या, ‘सात सक्कं’ आली तेव्हा मराठी वाचकांनी तिचं काय केलं ते विचारा आधी. ज्या ‘ककल्ड’वर आपण भांडतोय तिला २०००चं साहित्य अकादमी मिळालं, पण इंग्रजीसाठी. त्याआधी त्यांच्या ‘बेडटाइम स्टोरी’ नाटकाला सेन्सॉरनं ७८ काटछाटी सांगितल्या होत्या. महाभारतावरचं नाटक ते. सतरा-एक वर्षं रंगमंचावर येऊ दिलं नाही. माणूस भाषा सोडतो की भाषा माणसाला सोडते, ते मी ठरवत नाही. मी २०१९ला ते गेले तेव्हा घरातल्या घरात वाईट वाटून घेतलं आणि ‘रावण आणि एडी’ परत काढली.

ज्यांना ‘प्रतिस्पर्धी’ जड जाईल त्यांनी तिथून सुरुवात करा. तिचंही भाषांतर रेखा सबनीसांचंच. माझगावची चाळ, एका मजल्यावर हिंदू, दुसऱ्यावर कॅथलिक. गॅलरीतून पडणाऱ्या हिंदू पोराला झेलताना खालचा कॅथलिक माणूस मरतो. त्याच्या बायकोला नंतर मुलगा होतो. दोन पोरं एकमेकांच्या धर्माच्या इतकी जवळ वाढतात आणि तरी बोलत नाहीत. हसून हसून पोट दुखतं, मग एकदम घशाशी येतं.

बीडवाला_बंड्या

वाचतो. पण गावाकडच्या लेखकांचा मुद्दा सोडला नाही मी.

हुरडापार्टी

बंड्याभाऊ, वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा, मोफत.

बाबा_का_चाय (परभणी)

मी नगरकरांचीच ‘गॉड्स लिटल सोल्जर’ वाचली, इंग्रजीतून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. २००६ची. मराठीत वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो.

झिया म्हणून मुंबईतला मुसलमान मुलगा. हुशार, गणितात पक्का. लहानपणी आई-बाप मोकळे, पण घरातल्या मावशीनं डोक्यात भरलेलं की तू खास आहेस. तो कट्टर होतो. पण पुस्तक तिथं थांबत नाही. पुढं तो ख्रिस्ती मठात जातो, तिथंही तसाच. मग हिंदू होतो, तिथंही तसाच. नाव बदलतं, कपडे बदलतात, देव बदलतो. आतला माणूस जसाच्या तसा, कायम कुणाला तरी वाचवायला निघालेला, दुसऱ्याचं मेलं तरी चालेल. आणि त्याचा भाऊ अमानत, हा लेखक, कबिरावर लिहीत बसलेला. दोघा भावांची पत्रं. मला कट्टर लोकांपेक्षा त्या भावाचीच गोष्ट जास्त लागली.

आमच्याकडं असंच. परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस असतो फेब्रुवारीत, सगळं गाव येतं, हिंदू-मुसलमान सगळे. आमची दादी दरवर्षी संदलला जायची, येताना आमच्यासाठी हलवा-पराठा. धाकटा भाऊ बाहेरून शिकून आला आणि म्हणाला, दर्ग्याला जाणं बरोबर नाही. दादीला सरळ सांगितलं. दादी म्हणाली, ‘मैं अल्ला सेच मांगती बेटा, बाबा के घर में बैठ के मांगती. तेरे को क्या तकलीफ?’

तो वाईट माणूस नाही. पाच वेळा नमाज, खोटं बोलत नाही, आईचे पाय दाबतो. पण दादी शेवटची दोन वर्षं उरसाला गेली ती त्याला न सांगता, माझ्या स्कूटरवर, भाजी आणायच्या निमित्तानं. ऐंशी वर्षांची बाई नातवाला घाबरून देवाला जायची. मला वाटतं, धाग्याच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे. घरात एकाचा देव मोठा झाला की दुसऱ्याच्या देवाला मागच्या दारानं यावं लागतं.

कवडीमाळ

भाई, दादीचं बोलणं लिहून घेतलं.

पाटोदेकर

हलवा-पराठा कुठल्या स्टॉलचा ते मात्र उघड सांगा, त्याला मागचं दार नको.

नवाकोरा_सदस्य

मी औरंगाबादेत शिकायला होतो तेव्हा ‘ककल्ड’ जुन्या पुस्तकांत मिळाली होती.

बीडवाला_बंड्या

छत्रपती संभाजीनगर.

नवाकोरा_सदस्य

मी शिकायला होतो तेव्हाचं सांगतोय हो.

संपादक मंडळ

नावावरून आणखी तीन प्रतिसाद आले होते, उडवले आहेत. धागा पुस्तकाचा आहे.

डोकं_फिरलं

मी एकटाच असा असेन, पण मला कादंबरी आवडली नाही. मीरेचं प्रकरण वीस टक्के, बाकी लढाया, गुजरात, दरबार, कोणता भाऊ कुणाविरुद्ध कट करतोय. शिवाय राजपूत युवराज आजच्या मॅनेजरसारखा बोलतो. मधेच बाबराच्या रोजनिशीतले उतारे. खानव्याच्या लढाईपर्यंत (१५२७) पोचेस्तोवर माझाच पराभव झाला. आणि तो माणूस गटारं बांधण्यावर इतका का बोलतो?

निजामकालीन

भाषा मुद्दाम आजची ठेवली आहे. ‘हे प्राणनाथ’ छाप बोलले असते तर तुम्ही विसाव्या पानावर ठेवून दिली असती. आणि गटारांमुळेच तो मला आवडला. सगळं घराणं शौर्यावर जगतंय, हा एकटा म्हणतो की माघार घ्यायचीही कला असते आणि शहराचं सांडपाणी नीट गेलं पाहिजे. असा माणूस त्या घरात कुणालाच नको होता. बायकोलाही नाही, बापालाही नाही. मत्सराच्या कादंबरीत तेवढंच असतं तर ती नाटक कंपनीची झाली असती.

माळवद (औसा तालुका)

चार दिवस झाले धागा वाचतोय. लिहावं की नाही कळत नव्हतं.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३. मी नऊ वर्षांचा. आदल्या रात्री गणपती विसर्जन, सगळे उशिरा झोपलेले. पहाटे तीन छप्पन. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती अन् वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार. ती सगळी झोपलेल्या माणसांवर आली. आदल्या वर्षापासून जमिनीतून आवाज यायचे, सगळ्यांनी ऐकलेले. माझा काका, काकू, त्यांची दोन पोरं. मी आजीजवळ अंगणात झोपलो होतो म्हणून आहे.

आजोबा माळकरी होते. रोज पूजा झाल्याशिवाय चहा नाही. ढिगाऱ्यातून त्यांनी स्वतः देव काढले, पितळी टाक, बाळकृष्ण, एक शाळिग्राम. पुसून फडक्यात बांधले. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो तर तिथं देव मांडले नाहीत. फडकं तसंच ज्वारीच्या डब्यात टाकलं, वर झाकण. गळ्यातली माळ काढली. कुणाला काही बोलले नाहीत. देवाला शिवीही दिली नाही.

आजी काही म्हणाली नाही. पण ती रोज पहाटे, आजोबा बाहेर गेले की, डबा उघडायची. हात आत घालून फडकं सोडायची, हळद-कुंकू वाहायची, परत बांधून ज्वारीत पुरायची. मी पांघरुणातून बघायचो.

आता ज्वारी तर रोज लागते. दळायला काढली की तिच्यात कुंकवाचे लाल दाणे. गिरणीत आजोबाच न्यायचे. मी सोबत असायचो. गिरणीच्या बाहेर बसून ते बोटांनी लाल झालेले दाणे निवडायचे, रुमालाच्या कोपऱ्यात बांधायचे, मग उरलेली दळायला द्यायचे. येताना ते दाणे वाटेवरच्या लिंबाखाली पाखरांना टाकायचे. चार वर्षं. घरात एक शब्द नाही. आजीला माहीत होतं की त्यांना माहीत आहे का, हे मला आजही माहीत नाही.

नवीन गावात पक्कं घर मिळालं तेव्हा आजी गेली. आजोबांनी डब्यातून फडकं काढलं आणि देव कोनाड्यात मांडले. पूजा केली नाही. फक्त मांडले. मरेपर्यंत रोज धूळ पुसायचे.

तुमच्या कादंबरीत बायको देवाची अन् नवरा उरलेला. आमच्याकडं उलटं. मला दोघांचीही बाजू घेता येत नाही.

थेट बोलते

🙏

कवडीमाळ

काही बोलता येईना, भाऊ.

निजामकालीन

मी कालपासून या प्रतिसादाला उत्तर लिहून खोडतोय. राहू द्या.

हुरडापार्टी

(आज विनोद नाही.)

चष्मा_सापडंना

@मांजराकाठची, ताई, राग मानू नका, एक विचारते. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये विचारलंत की घरात देवाला वाहिलेलं माणूस कुणी जवळून पाहिलंय का. सगळ्यांनी आपापलं सांगितलं. तुमचं काय?

मांजराकाठची

विचारणार कुणीतरी, वाटलंच होतं.

आमच्या घरात तो मी आहे.

हे पाणीपुरवठ्यात होते. २०१६ला लातूरला प्यायला पाणी नव्हतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं असेल. त्या उन्हाळ्यात हे पहाटे जायचे, रात्री अकराला यायचे. आले की फोन. लोक घरी येऊन ओरडायचे, मला. पोरं पुण्यात. शेजारच्या काकूंनी मला एके दिवशी हरिपाठाला नेलं. बसले आणि पहिल्यांदा त्या महिन्यात माझं डोकं शांत झालं. मग रोज जायला लागले. मग एकादश्या, मग वारी, मग गळ्यात माळ. लोक ‘माउली’ म्हणतात, मला आवडतं, खोटं का बोलू.

हे रिटायर झाले. आता हे घरात आणि मी बाहेर. संध्याकाळचं जेवण झाकून जाते. हे एकटे जेवतात, ताट धुऊन ठेवतात. कधी एका शब्दानं बोलले नाहीत. भिशीत पाचही जणी ‘बिचारा नवरा’ म्हणायला लागल्या तेव्हा मला वाटलं, या माझ्याकडं बघून बोलायलेत. म्हणून तणतणत धागा काढला.

दया येत नाही म्हटलं ते खरं नव्हतं. येत होती म्हणून राग आला.

निजामकालीन

ताई, त्यांना पुस्तक द्या वाचायला.

थेट बोलते

देऊ नका. म्हणजे, द्या, पण त्यांनी वाचलं म्हणून तुम्ही हरिपाठ सोडू नका. मी नास्तिक हे सांगतेय.

पोस्टातला

@थेट बोलते 😄 आज मंगळवार का हो?

मांजराकाठची

द्यायची वेळच आली नाही. परवा रात्री पुस्तक टेबलावर दिसलं नाही. बघते तर हे पडवीत चष्मा लावून बसलेले, तीस-चाळीस पानं झालेली. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, ‘या राजपुत्राला गटाराचा उतार कळतो गं. आमच्या साहेबांना तीस वर्षं कळला नाही.’

मी म्हटलं, पुढं त्याची बायको...

‘माहितेय. मागच्या पानावर लिहिलंय,’ म्हणाले आणि पान उलटलं.

काल मी निघताना चपला घालत होते तर यांनी आतून विचारलं, हरिपाठ कितीला संपतो? नऊ वर्षांत पहिल्यांदा.

हुरडापार्टी

मग? सांगितलंत?

मांजराकाठची

साडेआठ म्हटलं. खरं तर आठलाच संपतो. नंतर आम्ही बाया अर्धा तास मंदिराच्या ओट्यावर बसतो. ते कुठं सांगायचं.